डेटाबेसशी सूत जुळवताना: सतरा चटपटीत गोष्टी

बँकेतली शिल्लक पाहा, रेल्वेचं तिकीट काढा, नाहीतर कॉलेजचा निकाल उघडा. पडद्यामागे घडतं ते एकच. जावा, पायथन, पीएचपी अशा कुठल्यातरी भाषेतला प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावरच्या डेटाबेसला हाक मारतो आणि हवी ती माहिती घेऊन येतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्यासाठी पाचच गोष्टी लागतात: सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, डेटाबेसचं नाव, युजरनेम आणि पासवर्ड. मात्र या पाच गोष्टींमागे पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक वैमानिक आहे, एक मांजर आहे, दोन बहिणी आहेत आणि एक युद्धनौकाही आहे. हा इतिहास ठाऊक असला की 'कनेक्शन फेल्ड' हा संदेश पाहून धडकी भरत नाही, कारण शोधायचं कुठे हे कळतं. चला तर मग!

१. वैमानिकाचा शोधनिबंध

एडगर कॉड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. पुढे ते आयबीएममध्ये गेले आणि जून १९७० मध्ये त्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याआधी प्रोग्रामला माहिती कुठे, कशी आणि कुठल्या वाटेने साठवली आहे हे सगळं ठाऊक असावं लागे. साठवण बदलली की प्रोग्राम मोडलाच. कॉड यांनी सुचवलं की माहिती तक्त्यांत ठेवा. प्रोग्रामने फक्त काय हवं ते सांगावं, कसं शोधायचं ते डेटाबेसने ठरवावं. आज कुठल्याही भाषेतून कुठल्याही डेटाबेसशी बोलता येतं, त्याची मुळं या फारकतीत आहेत. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

२. पहिलीच आवृत्ती दुसरी!

कॉड यांच्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचा, पहिला आराखडा मांडला. पण या कल्पनेवर बाजारात धडाक्याने उतरली ती लॅरी एलिसन, बॉब मायनर आणि एड ओट्स यांची छोटी कंपनी. तिचा ओरॅकल हा डेटाबेस १९७९ मध्ये विक्रीला आला तो थेट 'आवृत्ती २' म्हणून. पहिली आवृत्ती विकत घ्यायला गिऱ्हाईक कचरेल, म्हणून आकडाच पुढचा लावला.

३. मांजर झाली पासवर्ड

ओरॅकल शिकलेल्या कित्येकांनी आयुष्यातलं पहिलं लॉगिन 'स्कॉट' आणि 'टायगर' वापरून केलं. ब्रूस स्कॉट हे कंपनीचे सुरुवातीचे कर्मचारी आणि टायगर ही त्यांच्या घरची मांजर. सरावासाठीचं हे खातं दशकानुदशकं ओरॅकलसोबत येत राहिलं. साहजिकच, कुणाच्या सर्व्हरमध्ये घुसायचं असेल तर पहिला प्रयत्न याच जोडीने होऊ लागला. म्हणून नव्या डेटाबेसवर पहिलं काम ठरलेलं: आयती मिळालेली खाती बंद करा, पासवर्ड बदला.

४. माय आणि मारिया

मायएसक्यूएल या डेटाबेसचे एक जनक मायकेल विडेनियस. 'माय' हे त्यांच्या मुलीचं नाव. सन मायक्रोसिस्टिम्सने २००८ मध्ये मायएसक्यूएल १ अब्ज डॉलरना घेतलं आणि २०१० मध्ये खुद्द सन ओरॅकल कंपनीकडे गेली. विडेनियस यांनी त्याच कोडवरून नवा मुक्त डेटाबेस उभा केला आणि त्याला धाकट्या मुलीचं नाव दिलं: मारियाडीबी. दोघी बहिणी एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या की मायएसक्यूएलसाठी लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामधला दुभाषा, बहुतेक वेळा मारियाडीबीशीही जोडून देतो.

५. सिस्टिम ३२ मध्ये ६४, आणि ६४ मध्ये ३२

१९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणलं. प्रोग्रामने एकाच ठरलेल्या पद्धतीने बोलायचं. डेटाबेसगणिक वेगळं काय ते ड्रायव्हरने सांभाळायचं. एक्सेलपासून 'आर' भाषेपर्यंत असंख्य साधनं आजही याच वाटेने डेटाबेस गाठतात. विंडोजवर मात्र एक गंमत आहे. ६४ बिट ओडीबीसीची सेटिंग्ज असलेला प्रोग्राम 'सिस्टिम ३२' या फोल्डरात राहतो आणि ३२ बिटवाला 'सिसवाव ६४' मध्ये. दोघांच्या फाइलचं नावही तंतोतंत सारखं. ३२ बिट प्रोग्रामला ६४ बिट ड्रायव्हर चालत नाही. त्यामुळे ड्रायव्हर समोर दिसत असूनही 'डेटा सोर्स नेम सापडत नाही' असा संदेश आला, तर आधी हे ३२-६४ चं गणित तपासा.

६. तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न

'जेडीबीसी ड्रायव्हरचे प्रकार किती?' इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. उत्तर: चार. जेडीबीसी ही जावातून डेटाबेसशी बोलायची ठरलेली पद्धत; ती १९९७ मध्ये जावा १.१ बरोबर आली. पहिल्या प्रकारचा ड्रायव्हर म्हणजे जावातून ओडीबीसीकडे नेणारा पूल. तो २०१४ च्या जावा ८ मध्ये काढून टाकला. आज सर्रास चालतो तो चौथा प्रकार, शुद्ध जावात लिहिलेला आणि थेट डेटाबेसशी बोलणारा. आणखी एक: 'क्लास डॉट फॉरनेम' लिहून ड्रायव्हर चढवायची गरज २००६ च्या जावा ६ पासूनच उरलेली नाही. तरी ती ओळ वह्यांमधून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

७. लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१: सख्खे, पण सारखे नव्हेत

दोन्हींचा अर्थ 'हेच यंत्र' असाच ना? लिनक्सवर मायएसक्यूएल तसं मानत नाही. 'लोकलहोस्ट' लिहिलंत तर त्याचा क्लायंट नेटवर्कला हातच लावत नाही. सॉकेट नावाच्या एका खास फाइलमधून बोलतो. '१२७.०.०.१' लिहिलंत तर मात्र रीतसर पोर्ट ३३०६ वर जातो. पीएचपीत डेटाबेसशी जोडताना 'अशी फाइल नाही' असा चक्रावणारा संदेश येतो, तो या सॉकेटच्या फाइलबद्दल असतो. आकड्यांचा पत्ता लिहून पाहिला की उलगडा होतो. आणि प्रोग्राम डॉकरच्या कंटेनरमध्ये असेल तर लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. तुमचा लॅपटॉप नव्हे.

८. एक नाव, दोन खाती

मायएसक्यूएलमध्ये खातं ओळखलं जातं ते नाव आणि ठिकाण या जोडीने. सर्व्हरवरूनच येणारी 'आशा' आणि बाहेरून येणारी 'आशा' ही दोन स्वतंत्र खाती असू शकतात. त्यांचे पासवर्ड वेगळे, अधिकारही वेगळे. सर्व्हरवर बसून लॉगिन होतं आणि लॅपटॉपवरून 'ॲक्सेस डिनाइड' येतं, याचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर नव्याने बसवल्यावर बाहेरच्या यंत्रांचं ऐकतच नाही. कुठल्या पत्त्यावर कान द्यायचा आणि कुणाला आत घ्यायचं, हे त्याला दोन वेगवेगळ्या फाइलींत सांगावं लागतं. ही कटकट वाटते खरी, पण पुढची गोष्ट वाचा.

९. ३७६ बाइट आणि दहा मिनिटं

२५ जानेवारी २००३. 'एसक्यूएल स्लॅमर' नावाचा वर्म इंटरनेटवर सुटला. आकार अवघा ३७६ बाइट, म्हणजे या लेखातल्या एखाद्या वाक्याएवढा. त्याने मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमधली एक त्रुटी हेरली आणि यूडीपी पोर्ट १४३४ वरून तो पसरला. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी बाधित यंत्रांची संख्या दुप्पट होत होती. असुरक्षित यंत्रांपैकी बहुतेक सगळी पहिल्या दहा मिनिटांत बाधित झाली; एकूण किमान ७५ हजार. अमेरिकेत बँकांची एटीएम अडली. त्रुटी बुजवणारा पॅच त्याआधी सहा महिन्यांपासून उपलब्ध होता! डेटाबेसचं पोर्ट सगळ्या जगाला उघडं ठेवू नये, असं जाणती मंडळी का बजावतात ते यातून कळेल.

१०. सकाळची पहिली चूक

संध्याकाळी सगळं सुरळीत. रात्री वापर शून्य. सकाळी पहिला माणूस पान उघडतो आणि 'मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे' असा संदेश समोर येतो. दुसऱ्यांदा उघडलं की सगळं ठीक. भुताटकी वाटावी असा हा प्रकार, पण कारण साधं आहे. शांत पडून असलेलं कनेक्शन मायएसक्यूएल २८,८०० सेकंदांनी तोडतो. म्हणजे बरोबर आठ तास. सर्व्हरने फोन ठेवलेला असतो आणि प्रोग्रामला ते ठाऊकच नसतं. उपाय म्हणजे कनेक्शन वापरण्याआधी 'सिलेक्ट १' अशी नाममात्र क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, पाठवून ते जिवंत आहे का ते पाहायचं.

११. ओरॅकलची एकओळी टेबल

हीच 'सिलेक्ट १' ओरॅकलला मात्र वर्षानुवर्षं चालत नव्हती. तिथे क्वेरीत टेबलचं नाव हवंच. त्यासाठी 'ड्युअल' नावाची एक टेबल कायम तैनात असते: एक ओळ, एक रकाना आणि त्यात फक्त 'एक्स' हे अक्षर. जगभरातले प्रोग्राम 'तू आहेस ना?' एवढं विचारण्यासाठी या एका ओळीकडे जात राहतात. अलीकडच्या २३ व्या आवृत्तीपासून ओरॅकलने ही अट शिथिल केली.

१२. जास्त कनेक्शन म्हणजे जास्त वेग? छे!

नवं कनेक्शन उघडणं महाग असतं. नेटवर्कवर हस्तांदोलन, सुरक्षित वाहिनी, पासवर्डची तपासणी. पोस्टग्रेसमध्ये तर दर कनेक्शनमागे एक स्वतंत्र प्रोसेस जन्माला येते. म्हणून कनेक्शन पूल ठेवतात. स्टँडवर रिक्षा उभ्या असतात, प्रवासी येतो, रिक्षा घेतो आणि काम झालं की रिक्षा परत स्टँडवर, तसंच हे. पण पूल किती मोठा असावा? पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची, मायएसक्यूएलची १५१ ची. त्यातही मायएसक्यूएल व्यवस्थापकासाठी एक जादा जागा राखून ठेवतो, म्हणजे गर्दीतही त्याला आत शिरून गर्दी हटवता यावी. जावातला लोकप्रिय हिकारीसीपी मुळात १० कनेक्शनवर चालतो. त्याच्या मार्गदर्शिकेतलं सूत्र आहे: प्रोसेसरच्या कोअरची दुप्पट अधिक डिस्कची संख्या. चार कोअर आणि एक डिस्क असेल तर नऊ. हो, फक्त नऊ! पूल फुगवला की सगळ्या क्वेरी त्याच चार कोअरसाठी झगडतात आणि सगळ्यांचाच वेग उतरतो.

१३. ओळ गेली कुठे?

पायथनमधून टेबलात एक ओळ घातली. चूक काही आली नाही. प्रोग्राम संपला. टेबल उघडून पाहिली तर ओळ गायब! पायथनच्या डेटाबेस नियमावलीनुसार बदल आपोआप कायम होत नाहीत; 'कमिट' म्हणावं लागतं. न म्हणता कनेक्शन बंद केलं की केलेलं सगळं पुसलं जातं. जावात नेमकं उलटं: जेडीबीसीत प्रत्येक क्वेरी मुळातच लगेच कायम होते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. एका भाषेतून दुसरीकडे जाताना मात्र हा फरक लक्षात ठेवलाच पाहिजे, नाहीतर खात्यातून पैसे वजा होतील आणि दुसऱ्या खात्यात जमा व्हायच्या आधी प्रोग्राम कोलमडेल.

१४. डिसोझांनी पकडून दिलेली चूक

गोव्यात आणि वसईत डिसोझा, डिसिल्वा, डिमेलो ही आडनावं घरोघरी. रोमन लिपीत त्यांतल्या 'डी' नंतर अनेकदा अपॉस्ट्रॉफी लिहितात. एसक्यूएलमध्ये तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण आहे. प्रोग्रामने आडनाव जसंच्या तसं क्वेरीच्या वाक्यात चिकटवलं, तर डेटाबेसला वाटतं की नाव 'डी' वरच संपलं. पुढचं 'सोझा' ही त्याला आज्ञा वाटते आणि क्वेरी मोडते. श्री. डिसोझांचा फॉर्म अडतो, एवढंच. पण त्या जागी हल्लेखोर असला तर 'सोझा' ऐवजी तो खरोखरच आज्ञा लिहील: सगळी टेबल दाखव, नाहीतर पुसून टाक. हेच एसक्यूएल इंजेक्शन. डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकात त्याचं जाहीर वर्णन आलं आणि आजही त्याने घरं फुटतात. तोड अगदी सोपी आहे. क्वेरीत मोकळी जागा सोडायची आणि मूल्य वेगळं पाठवायचं. मग डेटाबेस मूल्याला मूल्यच मानतो. त्यात कितीही अपॉस्ट्रॉफी असोत.

१५. 'महाराष्ट्र' मावत नाही!

'महाराष्ट्र' या शब्दात अक्षरं किती? म, हा, रा, ष्ट्र: चार. युनिकोडच्या हिशेबात काना आणि हलन्त वेगळे मोजले जातात, म्हणून तिथे दहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, म्हणजे एकूण तीस बाइट. आता ओरॅकलमध्ये २० लांबीचा रकाना करा. ओरॅकल मुळात ही लांबी बाइटमध्ये मोजतो, त्यामुळे चार अक्षरांचं 'महाराष्ट्र' त्यात बसत नाही. मायएसक्यूएल लांबी अक्षरघटकांत मोजतो, तिथे ते आरामात मावतं.

मायएसक्यूएलची तऱ्हा वेगळी. त्याचा जन्म स्वीडनमधला. २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत वेगळं काही न सांगितल्यास तो लॅटिन अक्षरसंच आणि स्वीडिश वर्णक्रम धरून चाले. मराठी मजकूर त्यात गेला की कधी प्रश्नचिन्हांची रांग उमटे, तर कधी चित्रविचित्र युरोपीय अक्षरं. या दोन्हींतला फरक जाणून घ्या. विचित्र अक्षरं दिसत असतील तर मूळ बाइट बहुधा शाबूत असतात आणि मजकूर परत मिळवता येतो. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील तर मजकूर कायमचा गेला. म्हणून टेबल, डेटाबेस आणि कनेक्शन या तिन्ही ठिकाणी 'यूटीएफ८एमबी४' असल्याची खात्री करा. नुसतं 'यूटीएफ८' तिथे तीनच बाइट ओळखत आलं. देवनागरी बसते, इमोजी बसत नाही.

१६. आयएसटी कुणाची?

पोस्टग्रेसच्या मूळ यादीत 'आयएसटी' ही अक्षरं वर्षानुवर्षं इस्रायलच्या प्रमाणवेळेसाठी आहेत. तुम्ही 'सकाळी १० आयएसटी' असं लिहून पाठवलंत तर डेटाबेसच्या लेखी भारतात तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असू शकतो! भारतासाठी 'इंडिया' नावाची वेगळी यादी त्यात आहे आणि ती निवडता येते. त्याहून बरं म्हणजे संक्षेप टाळून 'एशिया/कोलकाता' असं पूर्ण नाव लिहावं.

वेळ गृहीत धरली की फसगत होते, अंतराचंही तसंच. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेतलं व्हर्जिनिया साधारण १३ हजार किलोमीटर. जाऊन-येऊन किमान ०.१३ सेकंद. एका क्वेरीला हे जाणवतही नाही. पण प्रोग्रामने आधी शंभर ग्राहकांची यादी मागवली आणि मग प्रत्येकाचा पत्ता वेगळ्या क्वेरीने विचारला, तर १०१ फेऱ्या होतात आणि १३ सेकंद नुसत्या प्रवासात जातात. यादी आणि पत्ते एकाच क्वेरीत 'जॉइन' करून मागवा, फेरी एकच होते. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत डेटा केंद्रं उघडल्यावर आपल्याकडच्या अनेक प्रोग्रामांचा हा प्रवास वाचला.

१७. युद्धनौकेवरचा राग

डी. रिचर्ड हिप अमेरिकेच्या 'ऑस्कर ऑस्टिन' या विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. नौकेला हानी पोचली तर नळांच्या जाळ्यातल्या कुठल्या झडपा बंद करायच्या, हे ते सॉफ्टवेअर सांगत असे. माहिती होती वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर. तो बंद पडला की पडद्यावर 'डेटाबेसशी संपर्क होत नाही' असं झळके, आणि संदेश दाखवणारा प्रोग्राम हिप यांचा असल्याने बोल त्यांनाच लागे. त्यांनी विचार केला, सर्व्हरच नसेल तर? त्यातून २००० मध्ये एसक्यूलाइट जन्मलं: एक फाइल म्हणजेच अख्खा डेटाबेस. पत्ता नाही, पोर्ट नाही, पासवर्डही नाही. आज ते तुमच्या मोबाइलमध्ये आहे, ब्राउझरमध्ये आहे आणि कुणालाही मोफत वापरता येतं.

आणि आता तुमची पाळी

ऑक्टोबर २०२२ मध्ये टोयोटाने जाहीर केलं की 'टी-कनेक्ट' सेवेच्या कोडचा काही भाग गिटहबवर जवळजवळ पाच वर्षं उघडा होता आणि त्यात ग्राहकांची माहिती असलेल्या सर्व्हरची किल्ली लिहिलेली होती. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते त्यामुळे उघडे पडले असण्याची शक्यता होती. कोडमधल्या एका ओळीची ही किंमत.

शिकायला साधनं उदंड आहेत. पवईच्या आयआयटी मुंबईतले प्रा. एस. सुदर्शन ज्याचे सहलेखक आहेत, ते 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' हे पुस्तक जगभर शिकवलं जातं. ते मिळवा आणि सोबत एसक्यूलाइटवर आजच सराव सुरू करा. तुमचा स्वतःचा प्रोजेक्ट असेल तर आज रात्री चारच गोष्टी तपासा: पासवर्ड कोडमध्ये नाही ना, मूल्यं क्वेरीपासून वेगळी जातात ना, उघडलेलं प्रत्येक कनेक्शन बंद होतं ना, आणि 'महाराष्ट्र' लिहून परत वाचल्यावर 'महाराष्ट्र'च येतं ना. ही चार कामं अर्ध्या तासात उरकतात. उद्यावर टाकू नका.